वाळा : मातीला धरून ठेवणारा सुगंध

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाई शहराच्या उत्तरेस, नंदिनी नगर ही खाणीच्या आधाराने वाढलेली वसाहत आहे. येथील जमिनीखाली चुनखडकाचे जाड थर पसरलेले आहेत. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशावर उथळ समुद्र होता व त्याच्या तळाशी साचत गेलेल्या चुन्याच्या गाळापासून हे थर निर्माण झाले. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्यासाठी १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याला लोहखनिज दल्ली-राजहरा येथून व चुनखडक नंदिनीहून मिळू लागला. भट्टीत चुनखडकाचा चुना होतो. खनिजाबरोबर आलेल्या वाळूशी व मातीशी तो संयोग पावतो व त्याची मळी बनून वितळलेल्या लोहावर तरंगते. मळी काढून टाकली की लोह हाती येते. भिलाईत तयार झालेल्या पोलादापायी नंदिनीच्या भूमीचा अशा रीतीने मोठा भाग खर्ची पडला आहे.

खाण उघडी असेल, तर खडक काढण्यापूर्वी त्यावरील माती बाजूला सारावी लागते. खडक संपल्यावर खोल खड्डे व निरुपयोगी दगडमातीचे ढिगारे मागे राहतात. त्या ढिगाऱ्यांवर पहिला पाऊस पडला की सुटी माती ओघळांवाटे वाहून जाते आणि बी रुजण्यापूर्वीच त्याच्या पायाखालची जमीन नाहीशी होते. नंदिनीच्या रिकाम्या पडलेल्या खाणक्षेत्रात मानवनिर्मित जंगल उभे करण्याचे काम छत्तीसगड शासनाने हाती घेतले, आणि २०२१ सालापर्यंत तेथे ऐंशी हजारांहून अधिक रोपे लावण्यात आली. अशा भूमीवर वृक्ष वाढवावयाचा असेल, तर त्याच्या आधी माती जागच्या जागी राहिली पाहिजे. ती कशाने राहील, हा अशा सर्व खाणप्रदेशांपुढील पहिला प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर अत्तराच्या कुपीत सापडते, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. ते उत्तर म्हणजे वाळा.

गवत आणि त्याची नावे

वाळा हे नाव मराठी घरांत सर्वपरिचित आहे. उन्हाळा लागला की माठात वाळ्याची जुडी टाकावयाची, वाळ्याचे सरबत करावयाचे, खिडकीला वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर पाणी शिंपडावयाचे, ही विदर्भापासून कोकणापर्यंतची जुनी रीत आहे. संस्कृतात यास उशीर म्हणतात. ज्वर आणि तहान यांवर आयुर्वेदाने सांगितलेल्या षडंगपानीयातील सहा द्रव्यांपैकी ते एक आहे. हिंदी भाषिक प्रदेशात मुळांना खस म्हणतात. तमिळ भाषेत त्याचे नाव वेट्टिवेर असे आहे. त्याचा अर्थ खणून काढलेले मूळ असा होतो. याच शब्दावरून युरोपीय भाषांतील व्हेटिव्हर हे नाव आले.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वाळा हे तृणकुलातील एक बहुवर्षायू गवत आहे, म्हणजे ऊस, ज्वारी व भात यांचा तो भाऊबंद आहे. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी व्हेटिव्हेरिया झिझानिऑइडिस असे होते; १९९९ साली त्याचा समावेश क्रायसोपोगॉन या प्रजातीत करण्यात आला. दीड-दोन मीटर उंचीचे त्याचे दाट बेट असते. पाती अरुंद व ताठ असून त्यांना कसलाही सुगंध नसतो. उत्तर व मध्य भारतात ओढ्यांच्या, नद्यांच्या आणि तलावांच्या काठी, पाणी साचणाऱ्या सखल जमिनीत हे गवत रानटी अवस्थेत उगवते. अनोळखी माणसाला ते इतर गवतांतून ओळखूही येणार नाही. त्याचे सारे वैशिष्ट्य भूमीखाली आहे.

वाळ्याचे दोन प्रकार मानले जातात. उत्तर भारतातील रानटी वाळ्याला फुले येतात व त्याचे बी रुजते. दक्षिण भारतातील लागवडीचा वाळा क्वचितच फुलतो आणि त्याचे बी बहुधा रुजत नाही. बेट फोडून निघालेल्या ठोंबांपासूनच त्याची वाढ केली जाते. हा दुसरा प्रकार माणसाबरोबर जगभर गेला. रिचर्ड ॲडम्स व मार्क डॅफॉर्न यांनी १९९० च्या दशकात अनेक देशांतील नमुन्यांची आनुवंशिक तपासणी केली. दक्षिण आशियाच्या बाहेर लावला जाणारा वाळा बव्हंशी एकाच मूळ रोपाची संतती आहे, असे त्यांना आढळून आले.

मुळात सुगंध कसा साठतो

बहुतेक गवतांची मुळे उथळ असून आडवी पसरतात. वाळ्याची मुळे मात्र जवळजवळ सरळ खाली जातात. अनुकूल जमिनीत पहिल्या एक-दोन वर्षांतच ती तीन मीटर किंवा त्याहूनही खोल पोहोचतात. बारीक दोऱ्यासारख्या या मुळांचा दाट पडदा मातीत लोंबत राहतो. मुळाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता मध्यभागी पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या, त्यांभोवती अंतस्त्वचेचे कडे, आणि त्या कड्याच्या लगतच बाहेर तेलाचे थेंब बाळगणाऱ्या पेशी दिसतात. सुगंधी तेल तेथेच असते.

हे तेल मुळाने एकट्यानेच तयार केलेले नसते, असे अलीकडे दिसून आले आहे. मुळांच्या आतील भागात अनेक जातींचे जीवाणू वस्ती करून असतात. जीवाणू व बुरशी यांपासून पूर्णपणे मुक्त केलेली रोपे वाढवून पाहिली, तेव्हा त्यांच्या मुळांतून तेल फारच थोडे मिळाले. इटलीतील संशोधकांनी २००८ साली असे दाखवून दिले की, मुळांतील जीवाणू तेलातील काही संयुगांवर वाढू शकतात व त्यांचे नव्या संयुगांत रूपांतर करतात. जमीन बदलली की वाळ्याचा वासही थोडा बदलतो, हा अत्तरियांचा जुना अनुभव आहे. त्याची संगती या शोधाने काही अंशी लागते.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेलातील बहुतेक संयुगे सेस्क्विटर्पीन या गटात मोडतात. वनस्पती पाच-पाच कार्बन अणूंचे तुकडे जोडून अनेक पदार्थ घडविते. असे तीन तुकडे जोडले म्हणजे पंधरा कार्बन अणूंची एक साखळी बनते. तिला फार्नेसिल डायफॉस्फेट म्हणतात. निरनिराळी विकरे या साखळीला वेगवेगळ्या ठिकाणी मुरड घालून तिची वलये बनवितात. एकाच लांबीच्या सुतळीपासून कुशल हातांनी शेकडो प्रकारच्या गाठी माराव्यात, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे वाळ्याच्या तेलात शंभराहून अधिक संयुगे सापडतात.

भट्टी आणि बाष्प

मुळे खणून, धुऊन, सावलीत वाळवून त्यांचे तुकडे करतात. मग बाष्पाच्या साहाय्याने त्यांतून तेल काढले जाते. सेस्क्विटर्पीन संयुगे २५० अंश सेल्सिअसच्या वरच उकळतात. एवढी उष्णता दिल्यास तेल करपून जाईल. पण परस्परांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापविले, तर प्रत्येकजण आपापल्या बाष्पाचा दाब स्वतंत्रपणे देतो, आणि दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी होताच मिश्रण उकळू लागते. त्यामुळे पाण्याच्या संगतीत हे जड तेल १०० अंशांच्या किंचित खालीच बाष्पाबरोबर निघू लागते. अर्थात तेलाचा वाटा फार अल्प असल्याने काम धीम्या गतीने चालते. एका घाण्याला दिवसभर आणि कित्येकदा त्याहूनही अधिक वेळ लागतो. शंभर किलो वाळलेल्या मुळांपासून साधारणपणे अर्धा ते दोन किलो तेल हाती येते.

उत्तर प्रदेशातील कनौज येथे जुनी पद्धत आजही टिकून आहे. तांब्याच्या मोठ्या देगीत मुळे व पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. देगीतून निघालेली बांबूची नळी, तिला सुंभ गुंडाळलेला असतो, पाण्यात बुडविलेल्या भपक्यात उतरते. भपक्यात बाष्प थंड होऊन पाणी व तेल असे दोन थर होतात. या तेलाला रूह खस म्हणतात. देगीच्या तांब्याशी संयोग झाल्यामुळे त्याला अनेकदा हिरवट झाक येते. कनौजच्या भट्ट्यांना लागणारी मुळे पूर्वीपासून मुसानगर, भरतपूर इत्यादी भागांतील रानटी वाळ्यापासून येत आली आहेत.

मोगल काळातही या मुळांचे महत्त्व ओळखलेले होते. वाळ्याच्या ताट्यांनी थंड केलेल्या दालनांचा उल्लेख ऐन-इ-अकबरीत आढळतो. त्यामागील तत्त्व साधे आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता भोवतालच्या हवेतून शोषून घेते. बारीक मुळांच्या विणीमुळे पाण्याचा पृष्ठभाग वाढतो, वारा त्यातून सहज जातो, आणि कोरड्या उन्हाळ्यात ही क्रिया झपाट्याने होते. विदर्भात व छत्तीसगडात घरोघरी दिसणारा कूलर याच तत्त्वावर चालतो.

युरोपात वाळ्याच्या तेलाचा मान दुहेरी आहे. ते सावकाश उडते; त्यामुळे इतर चंचल सुवासांना ते अत्तरात धरून ठेवते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास त्याला स्वतःच्या नावाने स्थान मिळाले. पॅरिसच्या कार्व्हेन या पेढीने १९५७ साली आणि गेर्लां या पेढीने १९५९ साली व्हेटिव्हर याच नावाची अत्तरे बाजारात आणली. लाकूड, ओली माती, वाळके गवत आणि किंचित धूर यांची आठवण देणारा हा गंध तेव्हापासून रानाचा गंध म्हणून जगभर ओळखला जातो.

पुण्याच्या प्रयोगशाळेत

या गंधाचे पृथक्करण करण्याच्या कार्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. तेथे एस. सी. भट्टाचार्य, के. के. चक्रवर्ती व त्यांचे सहकारी यांनी भारतीय सुगंधी तेलांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. उत्तर भारतीय वाळ्याच्या तेलातून त्यांनी खुसिनॉल नावाचे अल्कोहोल वेगळे केले व १९६३ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढील वर्षी खुसिलाल या आल्डिहाइडाची रचना प्रसिद्ध झाली. खस या देशी नावावरून बनलेले हे शब्द आज जगातील रसायनशास्त्राच्या ग्रंथांत रूढ आहेत.

या अभ्यासातून एक मनोरंजक गोष्ट पुढे आली. काही संयुगांचे रेणू दोन रूपांत असू शकतात. उजवा हात आणि आरशातील त्याचे प्रतिबिंब यांच्यात जो भेद, तोच या रूपांत असतो. अशा पदार्थांतून विशिष्ट प्रकारचा प्रकाश पाठविला असता एक रूप प्रकाशाचे प्रतल डावीकडे वळविते, तर दुसरे उजवीकडे. उत्तर भारतातील रानटी वाळ्याचे तेल प्रकाश डावीकडे वळविते. दक्षिणेकडील लागवडीच्या वाळ्याचे तेल उजवीकडे. एकाच जातीच्या गवतात दिसणारा हा भेद केवळ मातीमुळे झालेला नसून, दोहोंतील विकरे रेणूंना वेगळ्या तऱ्हेने मुरड घालीत असल्याचे हे लक्षण होय.

शास्त्रात अंतिम वाटणारे निष्कर्षही फेरतपासणीस पात्र असतात, याचेही वाळ्याच्या तेलाइतके चांगले उदाहरण क्वचित मिळेल. तेलातील बीटा-व्हेटिव्होन या संयुगाची एक रचना १९३९ साली मांडण्यात आली होती व सुमारे तीन दशके ती सर्वमान्य होती. त्या रचनेचा रेणू प्रयोगशाळेत तयार करून नैसर्गिक संयुगाशी ताडून पाहता दोन्ही जुळेनात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्शल यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिची खरी रचना सिद्ध केली. तिच्यात दोन वलये एकाच कार्बन अणूवर परस्परांना छेदतात.

इतके होऊनही मूळ प्रश्न शिल्लकच होता : वाळ्याला वाळ्याचा वास नेमका कोणत्या रेणूमुळे येतो? तेलात विपुल असलेली संयुगे शुद्ध स्वरूपात हुंगली, तर त्यांना तो ओळखीचा वास येत नसे. या कोड्याचे उत्तर २०२१ साली मिळाले. बेंजामिन लिस्ट, फिलिप क्राफ्ट व त्यांचे सहकारी यांनी तेलात एक टक्क्याहूनही कमी असलेले एक कीटोन प्रयोगशाळेत घडविले आणि त्यालाच वाळ्याचा खास गंध असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी लिस्ट यांना, डेव्हिड मॅकमिलन यांच्यासह, सेंद्रिय उत्प्रेरकांवरील कार्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शंभराहून अधिक संयुगांच्या गर्दीत हा अल्पसंख्य रेणूच वाळ्याची ओळख पटवीत होता.

वासातून रान का दिसते?

वाळ्याचा वास घेतला असता पावसाने भिजलेल्या रानाची आठवण व्हावी, यात नुसती कविकल्पना नाही. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वास बव्हंशी जिऑस्मिन या पदार्थाचा असतो. मातीतील जीवाणू तो तयार करतात. १९६५ साली तो प्रथम शुद्ध रूपात वेगळा करण्यात आला. हे जीवाणू जिऑस्मिन ज्या पदार्थापासून घडवितात, तो पदार्थ म्हणजे फार्नेसिल डायफॉस्फेट हाच होय. वाळ्याचे मूळ आणि मातीतील जीवाणू एकाच पंधरा कार्बनी साखळीपासून आरंभ करतात व भिन्न वाटांनी भिन्न रेणूंपाशी पोहोचतात. दोन्ही वासांत ‘मातकटपणा’ जाणवतो, त्यामागे हे दूरचे नाते आहे.

दुसरे कारण मानवी मेंदूच्या रचनेत आहे. नाकातील त्वचेत गंध ओळखणारी सुमारे चारशे प्रकारची ग्राहके असतात. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली लावला. त्यासाठी त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. डोळ्यांचे व कानांचे संदेश मेंदूतील एका मध्यवर्ती ठाण्यातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र ते ठाणे टाळून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांकडे जवळच्या वाटेने जातात. म्हणून एखाद्या वासाचे नाव आठवण्यापूर्वीच त्याच्याशी जोडलेले स्थळ मनापुढे उभे राहते. ज्याच्या लहानपणी माठात वाळा होता, त्याला त्या वासाने स्वयंपाकघर आठवेल. ज्याचे बालपण ओढ्याकाठी गेले, त्याला ओढा आठवेल.

मुळाचे दुसरे कार्य

आता नंदिनीच्या ढिगाऱ्यांकडे वळू. अत्तरियाला जे मूळ तेलासाठी हवे असते, तेच मूळ अभियंत्याला आणि शेतकऱ्याला त्याच्या बळासाठी हवे असते. वाळ्याच्या मुळांची ताण सहन करण्याची शक्ती १९९० च्या दशकात मलेशियात मोजण्यात आली. ती सरासरी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७५ न्यूटन, म्हणजे सौम्य पोलादाच्या शक्तीच्या जवळजवळ एक षष्ठांश भरली. पोलादाच्या नगरीशेजारी ही तुलना सहज समजण्यासारखी आहे. काँक्रीटमध्ये पोलादी सळया जे काम करतात, तेच काम ही मुळे उताराच्या मातीत करतात.

भूमीवरही हे गवत उपयोगी पडते. समपातळी रेषेवर दहा-पंधरा सेंटिमीटर अंतराने ठोंब लावले, तर दोन-तीन पावसाळ्यांत त्यांचे सलग दाट कुंपण बनते. वाहत येणारे पाणी या ताठ पात्यांना अडून मंदावते, त्यातील गाळ मागे साचतो आणि गाळलेले पाणी पुढे झिरपते. साचलेल्या गाळाबरोबर गवतही वर वाढते व कालांतराने उतारावर आपोआप पायऱ्या तयार होतात. कर्नाटकातील गुंडलुपेटच्या परिसरात शेतकरी बांधांवर पिढ्यान्‌पिढ्या वाळा लावीत आले होते. फिजी बेटांत जॉन ग्रीनफील्ड यांनी १९५० च्या दशकात उसाच्या डोंगराळ शेतांवर हा उपाय वापरला. पुढे १९८० च्या दशकात रिचर्ड ग्रिमशॉ व ग्रीनफील्ड यांनी जागतिक बँकेच्या भारतातील कार्यातून त्याचा प्रसार केला, आणि १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अनेक देशांतील अनुभव तपासून त्याची उपयुक्तता मान्य केली.

तीव्र आम्ल व तीव्र अल्कधर्मी जमीन, दुष्काळ, काही आठवड्यांची पूरस्थिती, या सर्वांत वाळा तग धरतो. म्हणूनच दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, चीन आदी देशांत खाणींच्या ढिगाऱ्यांवर तो लावण्यात आला आहे. त्याला सावली मात्र मानवत नाही. हा त्याचा दोष नंदिनीसारख्या ठिकाणी गुणच ठरावा : झाडे लहान असताना वाळा माती धरून ठेवील, आणि झाडांची सावली दाट झाल्यावर त्यांच्यासाठी जागा सोडून मागे हटेल. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीचे कन्हार, डोरसा, मटासी व भाटा असे प्रकार मानतो. त्यांपैकी भाटा ही सर्वांत उथळ, मुरमाड व कोरडी. खाणीचे ढिगारे भाट्याहूनही निकृष्ट. अशा ठिकाणी पहिल्या पिढीच्या वनस्पतीकडून फळाफुलांची नव्हे, तर केवळ टिकून राहण्याची अपेक्षा करावयाची असते.

तथापि वाळा सर्व काही करू शकत नाही. तो डाळवर्गीय वनस्पतींप्रमाणे जमिनीत नत्राची भर घालीत नाही. खाणीच्या उभ्या कड्यांना तो सावरू शकणार नाही. शिवाय विषारी धातू असलेल्या जमिनीत तो ते धातू मुख्यत्वे आपल्या मुळांतच साठवितो. जमीन शुद्ध करण्यास हा गुण उपकारक असला, तरी अशा ढिगाऱ्यावरची मुळे तपासल्यावाचून माठात वा औषधात वापरणे धोक्याचे आहे.

उपटावे की राखावे?

येथे वाळ्याच्या संबंधातील खरी अडचण पुढे येते. गुलाबाचे फूल खुडल्याने झाड मरत नाही. लिंबाच्या पानांचे तेल काढले तरी झाड पुन्हा पालवते. वाळ्याचा सुगंध मात्र मुळात आहे आणि तो मिळविण्यासाठी मूळच उपटावे लागते. जेथे वाळा उपटला, तेथील माती खोलवर मोकळी होते. ओढ्याच्या काठी असे खणले, तर पुढच्या पुरात काठ ढासळतो. जगातील वाळ्याच्या तेलाचा सर्वांत मोठा भाग ज्या हैती देशातून येतो, तेथील डोंगरउतारांवर हीच आपत्ती ओढवली आहे. गरजेपोटी शेतकरी मुळे पक्व होण्याआधीच खणतो. तेल कमी निघते, म्हणून अधिक जमीन खणतो. आणि प्रत्येक खणणीबरोबर उताराची माती समुद्रात जाते. त्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याच्यापाशी दुसरे रोख पीक नाही, त्याला पुढील वर्षीच्या मातीपेक्षा या वर्षीचे धान्य निकडीचे वाटणार, हे समजून घेतले पाहिजे.

भारतात रानटी वाळ्यावरचा भार कमी करावयाचा असेल, तर मुद्दाम केलेली लागवड हाच मार्ग आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने यासाठी अनेक सुधारित वाण तयार केले आहेत. त्यांपैकी केशरी व गुलाबी ही नावे तेलाच्या वासावरून दिलेली आहेत, तर धारिणी हे नाव जमीन धरून ठेवण्याच्या गुणावरून. खुसिनॉलिका या वाणाच्या तेलात खुसिनॉलचे प्रमाण मोठे आहे. पुण्यात १९६३ साली ज्या रेणूची रचना प्रसिद्ध झाली, त्याच्या नावाने आज शेतात एक पीक उभे आहे.

लागवडीचे नियमही अनुभवाने ठरत गेले आहेत. तेलासाठीचा वाळा सपाट शेतात लावावा; उतारावरचा, बांधावरचा व ओढ्याकाठचा वाळा कधीही खणू नये. पावसाळ्याच्या आरंभी लावलेले पीक साधारण दीड वर्षाने, पावसाळा संपून जमीन कोरडी झाल्यावर हिवाळ्यात काढावे. पावसाच्या तोंडावर खणणी करू नये. सर्व शेत एकदम न खणता एकाआड एक पट्टे काढावेत व काढलेल्या बेटांचे ठोंब त्याच जागी पुन्हा लावावेत. न खणलेल्या कुंपणाची पातीही वाया जात नाहीत. कोवळी असताना ती जनावरांना चारा म्हणून आणि जून झाल्यावर छपरे शाकारण्यास उपयोगी पडतात.

शाळांतील विद्यार्थ्यांना या गोष्टीची प्रचिती सहज घेता येईल. दोन सारख्या लाकडी खोक्यांत माती भरून एकात वाळ्याचे किंवा स्थानिक गवताचे ठोंब आडव्या ओळींत लावावेत आणि दुसरे मोकळे ठेवावे. गवत चांगले रुजल्यावर दोन्ही खोकी सारख्याच उतारावर ठेवून झारीने सारखेच पाणी घालावे व खाली जमणारे पाणी काचेच्या भांड्यांत धरावे. एका भांड्यातील पाणी गढूळ व दुसऱ्यातील पुष्कळसे निवळ दिसेल. भांड्यांच्या तळाशी बसलेला गाळ वाळवून तोलला, म्हणजे एका ओळीतील मुळांनी किती माती राखली, ते आकड्यांत सांगता येईल.

नंदिनीच्या भूमीला पूर्वीचे रूप यावयास काही पिढ्या लागतील. शंभर कोटी वर्षांपूर्वीचा खडक तर पुन्हा घडणार नाही. परंतु त्यावर मातीचा थर साचावा, त्या थरात जीवाणूंची वस्ती वाढावी, आणि पहिल्या पावसात तेथे पुन्हा मातीचा वास दरवळावा, इतके मात्र माणसाच्या प्रयत्नांनी साध्य होण्यासारखे आहे. ज्या मुळाचा वास घेतल्याबरोबर रान आठवते, ते मूळ काही ठिकाणी खणून न काढता तसेच राहू दिले, तर ते रान पुन्हा उभे करण्याच्या कामीही आपला हातभार लावील.